गाणं कोळ्यांचं, पावलं माधुरीची

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की आठवड्याभरात शिपाईमामा सूचनेची वही घेऊन वर्गावर यायचे. बाई हातातला खडू ठेवून वाचायला लागायच्या. वार्षिक स्नेहसंमेलन अमुक तारखेपासून, नावं अमुक बाईंकडे द्यावीत, पोशाखाचा खर्च ज्याचा त्यानं करावा, आणि सगळ्यात शेवटी, दरवर्षी त्याच शब्दांत : सिनेमातील गाण्यांवर नृत्य बसवू नये. वर्गातून एक लांबलचक 'अंऽऽऽ' निघायचा. तोही दरवर्षीचाच.

आमची शाळा पुण्यातल्या पेठेतली, मराठी माध्यमाची, मुलामुलींची एकत्र. एकत्र म्हणजे मुली खिडकीकडच्या रांगेत, मुलगे भिंतीकडच्या, आणि मधल्या वाटेनं फक्त बाई. वर्षातले तीन दिवस ही व्यवस्था ढिली पडायची. पहिल्या दिवशी खेळांची बक्षिसं आणि प्रमुख पाहुण्यांचं न संपणारं भाषण, दुसऱ्या दिवशी करमणुकीचे कार्यक्रम, तिसऱ्या दिवशी शेलापागोटे. आम्ही फिशपाँडच म्हणायचो. 'शेलापागोटे' हा शब्द फळ्यावर रंगीत खडूनं लिहिण्यापुरता.

मी आठवीत असताना, १९८८च्या दिवाळीत, 'तेजाब' लागला. आमच्यातल्या एकीनंच तो पाहिला होता, मामाबरोबर. बाकीच्यांनी पाहिलं ते फक्त माधुरी दीक्षितचं आकड्यांचं गाणं, छायागीतात आणि चित्रहारात, कधी घरच्या तर कधी वाड्यातल्या दुसऱ्या कुणाच्या टीव्हीवर. पण त्या दिवसांत ते गाणं पाहावं लागत नव्हतं. ते पानपट्टीवर होतं, रिक्षात होतं, लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांच्या क्लॅरिनेटमध्ये होतं. एक ते तेरा आकडे येणाऱ्या माणसाला निम्मं गाणं पाठ होतं.

आम्ही सहाजणी नाचाच्या बाईंकडे शिष्टमंडळ घेऊन गेलो. आमचा मुद्दा तयार होता. "बाई, ती आपल्यातलीच आहे. दीक्षित."

"दीक्षित असली तरी सिनेमातली आहे," बाई म्हणाल्या. "कोळीनृत्य घ्या."

शेजारी पेपर तपासत बसलेल्या गणिताच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "घेऊ दे की. निदान तेरापर्यंत आकडे ओळीनं येतात त्यात. आठवी ब मधल्या काहींना तेही येत नाहीत."

कोळीनृत्यच मिळालं. आता इथे तालमीची पद्धत सांगायला हवी. शाळेत टेपरेकॉर्डर एकच होता आणि तो मोठ्या बाईंच्या खोलीत, कपाटात, विणलेल्या आच्छादनाखाली असायचा. रंगीत तालीम सोडली तर तो कुणाला मिळायचा नाही. त्यामुळे सगळे नाच आकड्यांवर बसायचे. बाई टाळ्या वाजवत एक-दोन-तीन-चार म्हणायच्या, आम्ही वल्ही मारायचो. आता तुम्हीच सांगा, त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तेरा-चौदा वर्षांच्या सहा मुलींसमोर कुणी एक-दोन-तीन म्हणायला लागलं तर पाय कुठे जाणार?

(पुढे कधीतरी वाचलं की मूळ गाणंही असंच जन्माला आलं. चाल ऐकवताना शब्दांच्या जागी संगीतकार लक्ष्मीकांत यांनी नुसते आकडे म्हटले होते, आणि जावेद अख्तर यांनी ते आकडेच धरून गाणं लिहिलं. म्हणजे आम्ही काही फार वेगळं करत नव्हतो.)

पहिले काही दिवस आम्ही पाण्याच्या टाकीमागे चोरून करायचो. मामाबरोबर सिनेमा पाहून आलेली मैत्रीण गुरू. तिला जेवढं आठवत होतं तेवढं ती शिकवायची आणि आठवत नसेल तिथे स्वतःचं घालायची. मग हळूहळू ती पावलं तालमीत शिरली. वल्हं मारता मारता एक खांदा उडायचा. जाळं फेकून झाल्यावर मान नको इतकी मागे जायची. आम्हाला वाटायचं, बाईंच्या लक्षात येत नाहीये. एके दिवशी तालीम चालू असताना बाईंनी टाळ्या थांबवल्या. आमच्या पोटात गोळा. बाई माझ्याजवळ आल्या, माझा हात धरून जरा वर केला आणि म्हणाल्या, "कोपर एवढं खाली नाही येत तिचं."

'तिचं' म्हणजे कुणाचं, ते आम्ही विचारलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही.

पोशाखांचं काम आमच्याकडे ज्याच्या त्याच्या घरच्या कपाटावर अवलंबून असायचं. ड्रेपरीवाल्याकडे भाड्यानं सगळं मिळायचं, पण त्याचे पैसे देणं म्हणजे घरी आधी भांडण. त्यामुळे लुगडी कुणाच्या आजीची, कुणाच्या मोलकरणीची मागून आणलेली, दागिने तुळशीबागेतले. ठुशी, वाकी, नथ, सगळं पितळेचं आणि मानेला काळं करणारं. केसांचा प्रश्न वेगळा होता. कोळणीचा भलामोठा अंबाडा हवा आणि आमच्या दोघींच्या शेपट्या उंदराच्या. तेव्हा आत्या मदतीला आली. तिनं कपाटाच्या वरच्या फळीवरून बुटाचं खोकं काढलं. त्यात गंगावन होतं. दोन हात लांब, काळंभोर, सुतळीनं बांधलेलं, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास येणारं.

ते गंगावन म्हणजे आत्याच्या स्वतःच्या गॅदरिंगचं. पानशेतच्या पुराच्या पुढच्या वर्षीची, म्हणजे १९६२ची गोष्ट. साधनाचं नाव तेव्हा नुकतंच गाजायला लागलं होतं. कपाळ रुंद दिसतं म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी तिला हॉलिवूडच्या ऑड्री हेपबर्नसारखी कपाळावर झुलपं कापायला लावली, आणि ती उणीव झाकायची युक्ती देशभर 'साधना कट' म्हणून पसरली. पुढे नय्यर आणि साधना यांचं लग्नही झालं. आत्याला हे सगळं असं पाठ आहे, जसं दुसऱ्या कुणाला रामरक्षा. तर गॅदरिंगच्या चार दिवस आधी आत्यानं मैत्रिणीकडून शिवणाच्या कात्रीनं झुलपं कापून घेतली. मागे गंगावन लावून मोठा अंबाडा, पुढे साधना. आजोबांनी एकदा पाहिलं, "कपाळावर गवत कशाला उगवलंय?" एवढंच विचारलं आणि मग अकरा दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

तिची बाजू घेतली ती आजीनं. आजी म्हणाली होती, "एवढं काय झालं त्यात? आमच्या वेळी पुण्यातल्या बायका नेसायला शिकल्या त्या एका पुरुषाकडून. तेव्हा कुणी अबोला नाही धरला." पुरुष म्हणजे बालगंधर्व. त्यांनी रंगमंचावर शालू कसा नेसला, पदर कुठून घेतला, गजरा कुठे माळला, हे बघायला बायका नाटकाला जायच्या आणि दुसऱ्या दिवशी आरशासमोर तसंच करून बघायच्या. आजीच्या मते खांद्यावरून पदर घ्यायची एक पद्धत तिच्या माहेरच्या सगळ्या बायकांनी त्यांचीच उचलली होती. योगायोग असा की आत्याच्या त्या झुलपांच्या वर्षीच, १९६२मध्ये, संभाजी बागेजवळच्या रंगमंदिराचं भूमिपूजन खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झालं. उद्घाटन त्यांनी पाहिलं नाही. १९६७मध्ये ते गेले आणि रंगमंदिर उघडलं १९६८च्या २६ जूनला, त्यांच्या वाढदिवशी. आत्या अजूनही तिथं नाटकाला गेली की आत शिरताना पदर सारखा करते.

असं ते गंगावन १९८८च्या डिसेंबरात आमच्या मंडळींतल्या सगळ्यात बारीक शेपटीच्या मुलीच्या डोक्यावर बसलं.

पटांगणात मांडव, बाकांवर बाक रचून केलेलं स्टेज, त्यावर सतरंज्या. रंगपटाची खोली म्हणजे पाचवी अ चा वर्ग. एका बाजूला आम्ही, मध्ये बेडशीट टांगलेलं, पलीकडे मुलगे. पॅनकेक लावणारा माणूस एकच, आणि तो कोळणी, मावळे, भारतमाता आणि शेतकरी सगळ्यांना एकच गुलाबी रंग द्यायचा. पलीकडून अखंड आरडाओरडा. दोन मुलांचे शर्ट अदलाबदल झाले होते आणि कुणाचा कुठला यावर हमरीतुमरी चालली होती. चित्रकलेचे सर आत डोकावले आणि म्हणाले, "भांडू नका. देव आनंद आणि गुरुदत्तचं असंच झालं होतं, इथेच, प्रभातमध्ये." एवढं सांगून ते गेले. मुलांना काही कळलं नाही. मला ती गोष्ट पुढे कळली. प्रभातच्या 'हम एक हैं'साठी देव आनंद पुण्यात होता, गुरुदत्तही तिथेच कामाला, दोघांचा धोबी एकच, आणि धोब्यानं शर्ट बदलले. एकमेकांच्या अंगावर आपापला शर्ट दिसला आणि त्यातून मैत्री झाली. कधी निर्माता झालो तर दिग्दर्शक तू, असं देव आनंदनं तेव्हा कबूल केलं आणि १९५१च्या 'बाजी'त ते पाळलं. त्या दोन मुलांचं मात्र मैत्रीबित्री काही झालं नाही. एकाची कॉलर फाटली.

आमचा नंबर आला. कोळीगीत लागलं. पहिलं कडवं आम्ही अगदी सालस कोळणी होतो. दुसऱ्या कडव्याला खांदे सुटले. मागे, पाण्याच्या टाकीजवळ उभ्या असलेल्या दहावीच्या मुलांना काय ते चटकन कळलं. आधी एकजण, मग दहा, मग सगळा मागचा जमाव, अगदी ठेक्यात, खणखणीत मराठीतून मोजायला लागला : एक! दोन! तीन! गाणं कुणाला ऐकूच येईना. आमच्या आया पदर तोंडाला लावून हसत होत्या. पुढच्या रांगेत मोठ्या बाई ताठ बसलेल्या, प्रमुख पाहुणे मात्र पायानं ठेका धरून. आणि नवाला, मला चक्क आठवतंय, आकडा 'नऊ' होता, माझ्या शेजारणीनं मान मागे टाकली तशी गंगावनाची पिन सुटली आणि अंबाडा स्टेजवर पडला.

काळं, गुबगुबीत, वेटोळं. पहिल्या रांगेतली लहान मुलं किंचाळली. आम्ही नाच थांबवला नाही. होडी वळवतो तशा आम्ही सगळ्याजणी त्याला वळसा घालून गेलो. तेरा म्हणत टाळ्यांच्या कडकडाटात विंगेत आलो, तेव्हा आठवलं की ते तिथेच राहिलं.

पुढची नाटिका होती वाल्या कोळ्याची. वाल्याची दाढी सकाळपासून सापडत नव्हती. पडदा उघडायच्या आत कुणीतरी गंगावन उचललं, दोन तुकडे केले नाहीत हे नशीब, पण मध्ये दुमडून स्पिरिट गमनं त्या मुलाच्या हनुवटीला चिकटवलं. वाल्या दरोडेखोर असताना ती दाढी गुडघ्यापर्यंत येत होती. वाल्मीकी झाल्यावर शोभली.

कार्यक्रम संपल्यावर आमच्या बाईंना मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. त्याच सुमारास तिकडे फिल्मफेअरनं नृत्यदिग्दर्शनासाठी नवीन बक्षीस सुरू केलं आणि ते पहिल्यांदा सरोज खान यांना मिळालं, याच नाचासाठी. आमच्या बाईंना काय मिळालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त नेहमीपेक्षा मोठं कुंकू लावून आल्या होत्या.

फिशपाँडची पेटी म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं, वर फट पाडलेली. तीन दिवस ते जिन्याखाली असायचं आणि त्यात कुणी काही टाकताना दिसणं म्हणजे बभ्रा. चिठ्ठ्या आधी दोन सर वाचून गाळायचे. तरी बरंच काही निसटायचं, कारण सरांना आमच्या गल्ल्यांचा भूगोल माहीत नव्हता. दर तासाला केसांवर कंगवा फिरवणाऱ्या एकाला मिळालं होतं, 'डोक्यावर कोंबडा, वहीत भोपळा'. तो आजही आमच्यात कोंबडाच आहे, केस सगळे गेले तरी. आमच्या गटाला त्या वर्षी मिळालं, 'होडी निघाली वर्सोव्याहून, पोचली दादरच्या टॉकीजमध्ये'. अक्षर डाव्या बाजूला कललेलं होतं. आम्हाला आजही संशय आहे की ते गणिताच्या बाईंचं.

पुढच्या वर्षी गॅदरिंग जानेवारीत गेलं आणि त्याच्या आधी, १९८९ संपता संपता, 'मैंने प्यार किया' आला. नायिका सांगलीच्या पटवर्धनांची, राजघराण्यातली. हे कळल्यावर आमच्या वर्गात तिचे तीन लांबचे नातेवाईक निघाले. मुलांनी जुन्या बाजारातून बुधवारी जाऊन चामड्याची म्हणून रेक्झिनची जाकिटं आणली. आणि टोप्या. सिनेमातल्या त्या टोपीवर इंग्रजीत 'फ्रेंड' लिहिलेलं होतं. आमच्याकडच्यांनी साध्या टोप्या घेऊन शिंप्याकडून अक्षरं शिवून घेतली. एका शिंप्यानं मधलं 'आय' हे अक्षर खाल्लं. तरी तो मुलगा तीन दिवस ती टोपी घालून हिंडला. फिशपाँडला सरांनी गंभीर आवाजात वाचलं, 'मित्र जमवले शंभर, पण टोपीतली आय हरवली!' मांडव कोसळायचा बाकी होता.

त्याच दुपारी एक चिठ्ठी आली, भिंतीकडच्या रांगेतल्या एका शांत मुलासाठी. 'सायकलची चेन रोज पडते, पण एकाच गल्लीत कशी अडते?' सरांना वाटलं, सायकलीवर आहे, निरुपद्रवी आहे. पण ती गल्ली आमची होती. त्या गल्लीत आमच्या वर्गातल्या दोन मुली राहायच्या, मी आणि ती बारीक शेपटीवाली. संपूर्ण वर्गाच्या माना खिडकीकडच्या रांगेकडे वळल्या. तो स्टेजवर जाऊन चिठ्ठी घेऊन आला, घडी घालून खिशात ठेवली, आणि कान इतके लाल की पॅनकेकवाल्याला जमले नसते. आम्ही दोघी आठवडाभर एकमेकींशी जरा तुटक वागलो. मग विसरलो. म्हणजे मी तरी विसरले, असं मी तिला सांगितलं.

आमच्या प्रेमाची मजल एवढीच. हिरो-हिरॉइनच्या भानगडी आम्हाला वाड्यात येणाऱ्या जुन्या मासिकांतून कळायच्या, कुणाचं कुणाशी चाललंय ते तोंडपाठ असायचं. आपल्या चार फुटांवर कुणाची चेन का पडते, ते विचारायची हिंमत मात्र वर्गात एकीचीही नव्हती.

दहावीचा निरोप समारंभ हे आमचं शेवटचं गॅदरिंग. मुलींनी साडी नेसायची. माझी अडचण अशी की शाळेत जायचं सायकलनं. तेव्हा आत्या म्हणाली, "स्मिताचं कर." स्मिता पाटील पुण्याची, इथल्याच रेणुका स्वरूप शाळेची, हा आत्याचा जिव्हाळ्याचा विषय. मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायची तेव्हा ती जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, अशी गोष्ट तेव्हाही सांगितली जायची. ती गेली डिसेंबर १९८६मध्ये, अवघी एकतीस वर्षांची, आमच्या सहावीच्या गॅदरिंगच्या तालमी चालू असताना. त्या दिवशी तालमीला आलेल्या दोन-तीन बाईंचे डोळे सुजलेले होते आणि आम्हाला वाटलं होतं, मोठ्या बाई रागावल्या असतील.

तर मी जीन्सवर आईची नारायणपेठ नेसले आणि सायकलवर बसले. शाळा दोन चौकांवर राहिली असताना काठ चेनमध्ये गेला. चेन पडली. मी रस्त्याच्या कडेला उभी, एका हातात साडीचा काळा झालेला काठ, आणि मनात, खोटं कशाला सांगू, एक विचार येऊन गेला. थांबला तो दूधवाला. त्यानं दोन मिनिटांत चेन बसवली, "ताई, साडीत सायकल चालवू नका," म्हणाला आणि गेला.

धाकटी बहीण शाळेत होती तोवर, १९९५ उजाडेपर्यंत, सूचनेच्या वहीतून ते शेवटचं वाक्य नाहीसं झालं होतं. जांभळ्या साडीचं गाणं तिच्या वर्गानं उघड उघड केलं, लक्ष्मी रोडवरून कापड आणून, शिंप्याला फोटो दाखवून. छान झालं होतं. कुणी मोजलं मात्र नाही.

तीन-चार वर्षांमागे आमच्या बॅचचं संमेलन झालं. कोळीगीताचे शब्द सहाजणींपैकी एकीलाही आठवेनात, पावलं सगळ्या जणींची बरोबर पडली. शेवटी कोंबड्यानंच मोजायला सुरुवात केली.

परवा आत्याकडे गेले होते. तिला दिवाळीची साफसफाई अजून स्वतःच करायची असते. वरच्या फळीवरचं खोकं तिनं माझ्याकडून काढून घेतलं. गंगावनाच्या मध्यावर स्पिरिट गमचा गोळा तसाच आहे, दगडासारखा. तिनं तो नखानं खरवडून पाहिला.

"तुमचा तो चेनवाला आला होता का गं संमेलनाला?"

"आला होता. चेन खरंच सैल होती म्हणतो."

"रोज? आणि तीही तुझ्याच गल्लीत?"

"असं म्हणतो."

आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. गंगावन गुंडाळून तिनं सुतळीची गाठ मारली.

"आमच्या वेळीही पडायची," ती म्हणाली आणि खोक्याचं झाकण लावलं.